धागा: नागपुरात रोज चालवायची 1967ची लॅम्ब्रेटा: काय बदलू, काय तसंच ठेवू?

गोकुळपेठ_ली150:
नमस्कार मंडळी. लॅम्ब्रेटा ली 150, सिरीज 2, आरसीवर 1967 साल. महालातल्या एका घरातून घेतली, पहिल्या मालकाच्या मुलाकडून. फ्रेम नंबर आणि इंजिन नंबर टॉर्च लावून आरसीशी ताडून पाहिले, दोन्ही जुळले, मगच पैसे दिले.

ज्यांना या गाडीची ओळख नाही त्यांच्यासाठी: मिलानच्या लांब्राते भागातल्या इनोचेंती कारखान्याने 1947 साली लॅम्ब्रेटा आणली आणि 1958 मध्ये ली मालिका. सिरीज 2 मध्ये हेडलाइट हँडलवर आला, त्यामुळे हँडलसोबत उजेडही वळतो. आपल्याकडे मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने, म्हणजे एपीआयने, हेच मॉडेल बनवलं आणि 1976 मध्ये त्याचं नाव 'लॅम्बी' झालं. इनोचेंतीने तोवर स्कूटरचं उत्पादन बंदही केलं होतं. 148 सीसी, चार गिअर, दहा इंची चाकं.

गाडी चालते. लाइट मात्र 6 व्होल्टचा, रात्री व्हीआयपी रोडवर समोरचा खड्डा दिसायला वेळ लागतो. ब्रेक ढिले. रंगाचे किती थर चढलेत ते सांगता येत नाही. मला ती रोज वापरायची आहे, गोकुळपेठेतून सदरला ऑफिस आणि थंडीत रामटेक, अदासा. डोक्यात असलेले बदल: 12 व्होल्ट वायरिंग आणि एलईडी, पुढे डिस्क ब्रेक, 148 ऐवजी 175 सीसीचा सिलिंडर, समोरचं शिल्ड (पायांपुढचा उभा पत्रा) दोन्ही बाजूंनी कापून अरुंद करणं, लांब सीट आणि क्रीम-हिरवा असा दुरंगी रंग.

अनुभवी लोकांनी स्पष्ट मत द्यावं.

जुना_हात:
भाऊ, गाडी चांगली भेटली तुले, अभिनंदन. नंबर जुळते म्हणजे अर्धी लढाई जिंकला.

आता माह्यं ऐक. आधी काहीच बदलू नको. पहिले पाह्य का इंजिनवरचे पत्र्याचे काऊल दोन्ही जागेवर आहे का, एक फ्लायव्हीलवरचा अन् एक सिलिंडरवरचा. ही गाडी मोटरसायकलसारखी समोरून वारं घेत नाही. इंजिन बॉडीच्या आत झाकलेलं आहे. उजव्या बाजूच्या फ्लायव्हीलवर पंख्याची पाती असते, ते वारं ओढते आन् काऊलमधून सिलिंडरवर फेकते. काऊल नसला तर वारं इकडेतिकडे उडून जाते, सिलिंडरले काहीच भेटत नाही. लय गाड्यांत तो काऊल मागच्या कोण्या मिस्त्रीने उघडून फेकलेला असते, कारण त्याच्याशिवाय प्लगपाशी हात लवकर पोचते. थंडीत गाडी चालून जाते. मे महिन्यात, 45 डिग्रीत, कामठी रोडवर पूर्ण ॲक्सिलेटर धरून चालला का पिस्टन धरते, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये जाम होते. मग लोक म्हणते जुनी गाडी उन्हात चालत नाही. गाडी चालते, तिचं वारं कोणी चोरलं ते पाह्यलं पाह्यजे.

काऊल लावून, पंख्याच्या पात्यातली माती-ग्रीस साफ करून, आहे तशी चालवून पाह्य. मग बोलू 175चं.

गोकुळपेठ_ली150:
जुना_हात काका, धन्यवाद. तपासलं. फ्लायव्हीलवरचा काऊल आहे, सिलिंडरवरचा नाही.

जुना_हात:
मग तोच पहिले आण. लॅम्बी अन् विजय सुपर, ह्या लॅम्ब्रेटाच्याच देशी स्कूटरी, त्यांच्या जुन्या सामानात शोध, पण आणण्याआधी लावून पाह्य, दोघांचे सिलिंडर-हेड थोडे वेगळे आहेत. फट राहिली तर काही उपयोग नाही.

बंगळूरचा_वैदर्भी:
मी बदलांच्या बाजूने बोलतो, कारण जुन्या गाडीला हात लावणं म्हणजे पाप अशी एक हवा आहे आणि ती मला पटत नाही. इटालियन स्कूटर पहिल्या दिवसापासून सजवायचीच वस्तू होती. कॅरिअर, विंडस्क्रीन, क्रॅशबार, पांढऱ्या पट्ट्याचे टायर हे सगळं तेव्हाही दुकानात मिळायचं. 1960च्या दशकात इंग्लंडमधल्या 'मॉड' म्हणवणाऱ्या फॅशनवेड्या पोरांनी याच लॅम्ब्रेटा आणि व्हेस्पांवर आरशांच्या आणि दिव्यांच्या रांगा लावल्या. आज आपण त्या फोटोंकडे प्रेमाने बघतो.

डिस्क ब्रेकचं म्हणाल तर इनोचेंतीने 'टीव्ही 175' या लॅम्ब्रेटाच्या सिरीज 3 ला 1960च्या दशकाच्या सुरुवातीलाच पुढे डिस्क दिली होती, केबलवर चालणारी. 175 सीसीसुद्धा कारखान्यातलंच माप आहे: स्ट्रोक (पिस्टनची धाव) तोच 58 मिमी, बोअर (सिलिंडरचा व्यास) 57 वरून 62. म्हणजे भावाच्या यादीतल्या दोन गोष्टी इटलीच्याच आहेत.

माझी अट एकच. जे बोल्टने बसतं ते बोल्टने निघतं. वेल्डिंग आणि कटर आला की मी दूर होतो. शिल्ड कापू नकोस, एवढंच.

वर्धारोडची_व्हेस्पा:
शिल्डबद्दल मीही हेच सांगणार होते, पण लॅम्ब्रेटा आणि व्हेस्पात इथे फार मोठा फरक आहे आणि तो या धाग्यावर नोंदवून ठेवते, कारण पुढे कोणी व्हेस्पावाला हे वाचून कटर उचलेल.

लॅम्ब्रेटाला आत जाड लोखंडी पाइपची फ्रेम आहे. शिल्ड, फूटबोर्ड, बाजूचे पॅनल हे सगळे त्या पाइपवर टांगलेले पत्रे. शिल्ड कापलं तर सौंदर्य जाईल, पैसे जातील, पण गाडी वाकणार नाही. व्हेस्पाला फ्रेम वेगळी नाहीच. कोर्रादिनो दास्कानियो हा विमानं आणि हेलिकॉप्टर बनवणारा इंजिनिअर, त्याने 1946च्या व्हेस्पात पत्र्यालाच फ्रेम केलं. अंड्याच्या कवचासारखी ती अख्खी असते तेव्हाच भक्कम. तिचं शिल्ड किंवा फूटबोर्ड कापणं म्हणजे फ्रेम कापणं. गंजलेला फूटबोर्ड असेल तर आधी मधल्या बोगद्याला आणि खालच्या आडव्या पट्ट्यांना नीट सांधे मारून घ्यायचे, नाहीतर वळणावर गाडी मागून हलते.

लॅम्ब्रेटातही शिल्ड कापायच्या मी विरुद्ध आहे. एपीआयचं जुन्या प्रेसमधलं शिल्ड हल्लीच्या नकली पत्र्यापेक्षा जाड असतं, कडेची घडीही सुबक असते. ते एकदा कापलं की तुमच्या गाडीचं उरत नाही. अरुंद शिल्ड हवंच असेल तर बाजारातलं नवं घ्या, ते कापा, आणि जुनं गुंडाळून माळ्यावर ठेवा.

कागदं_पक्की:
सगळे पत्र्यावर बोलतायत, मी कागदावर बोलतो.

मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. आरसीवर जे लिहिलंय त्याच्याशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की निर्मात्याच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही. रंग किंवा किरकोळ जोडण्या वेगळ्या, पण रंग बदलला तर आरसीवर नोंद हवी. म्हणून दुरंगी करणार असाल तर आधी आरटीओत अर्ज, मग पेंटर. 175चा सिलिंडर लावलात तर आरसीवरचे 148 सीसी आणि गाडी यांचा मेळ राहत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी तिथेच बोट ठेवेल.

आता व्हिंटेज नोंदणीबद्दल, कारण बरेच लोक गोंधळतात. 15 जुलै 2021च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार 50 वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल न केलेली दुचाकी-चारचाकी व्हिंटेज धरली जाते. नवी नोंदणी 20,000 रुपये, नंतरची पुनर्नोंदणी 5,000, मुदत 10 वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. तुमची गाडी वयाने बसते. पण त्या नोंदणीवर रोज ऑफिसला जाता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते.

तुम्हाला रोज चालवायची आहे, तेव्हा साधी नोंदणीच ठेवा, दर पाच वर्षांनी नूतनीकरण, पर्यावरण कर, पीयूसी, विमा आणि नवी सुरक्षा नंबर प्लेट. मात्र आज कटर न लावल्यास उद्या व्हिंटेजचा दरवाजा उघडा राहतो. तो बंद करू नका.

बंगळूरचा_वैदर्भी:
175चा मुद्दा मान्य. विम्याचा विचार मी केला नव्हता.

मानेवाडा_चेतक:
मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडे वडिलांची चेतक आहे. ती इटालियन धरायची का? या धाग्यावर प्रश्न विचारले तर चालतील ना?

वर्धारोडची_व्हेस्पा:
का नाही चालणार! बजाजने 1960च्या दशकात पियाज्जोच्या परवान्यावर व्हेस्पाच बनवली. 1971 मध्ये करार संपला आणि लगेच 1972 मध्ये चेतक आली. तिचा सांगाडा व्हेस्पा स्प्रिंटचा: बोअर-स्ट्रोक 57 बाय 57 मिमी, 145 सीसी, दहा इंची चाकं. बजाज सुपर त्याच घराण्यातली, पण आठ इंची. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया, कानपूरची एलएमएल व्हेस्पा, सगळी भावंडं. लॅम्ब्रेटाचं घराणं वेगळं. इनोचेंतीची यंत्रसामग्री 1972 मध्ये भारत सरकारने घेतली आणि लखनौच्या स्कूटर्स इंडियाने त्यावर विजय सुपर काढली. म्हणजे एका अर्थाने इटलीचा तो कारखानाच आपल्याकडे आला.

एक व्यावहारिक गोष्ट सांगून ठेवते. चेतकच्या गिअरबॉक्सला एसएई 30 तेल, 250 मिली. लॅम्ब्रेटाला एसएई 90, साधारण 700 मिली. मिस्त्रीकडे दोन्ही घराण्यांच्या गाड्या येतात, तेलाचा डबा एकच असतो. स्वतः उभं राहून ओतून घ्या.

मानेवाडा_चेतक:
माझी गाडी सकाळी पहिल्या किकला घेत नाही. आडवी करून पुन्हा सरळ केली की दुसऱ्या-तिसऱ्या किकला सुरू होते. आणि पांढरा धूर फार.

जुना_हात:
पहिल्या किकचं नंतर पाहू, धूर महत्त्वाचा. गिअर ऑइल काढून मोजून पाह्य. 250 टाकलं अन् कमी निघालं, पण खाली फरशीवर डाग नाही, तर क्लचकडचं क्रँक सील, म्हणजे इंजिनच्या शाफ्टवरची रबरी कडी, गेलं. इंजिन ते ऑइल ओढून जाळते. अन् कधी उलटं होते: मॅग्नेटकडचं सील गेलं का हवा ओढते. गाडी उभ्याउभ्या रेस घेते, प्लग पांढरा पडते. धुराच्या गाडीले लोक घाबरते, पण घाबरायची ही दुसरी गाडी आहे. हवा जास्त, पेट्रोल कमी, म्हणजे इंजिन तापून पिस्टन धरणारच.

दोन्ही सील एकाच वेळी बदल. इंजिन उघडलंच आहे तर एक वाचवून काय भेटणार?

वर्धारोडची_व्हेस्पा:
आणि सील घेताना विटॉनचं, म्हणजे पेट्रोल सोसणाऱ्या खास रबराचं मागा, साधं रबर नको. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. आपल्या जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, कॉकची वॉशर, फ्लोटच्या सुईचं टोक हे त्या पेट्रोलासाठी बनलेले नाहीत. काही फुगतात, काही कडक होऊन तडकतात. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीच्या तळाशी पाणी वेगळं बसतं आणि तिथून गंज सुरू. कार्बोरेटरची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, तिच्यात पांढरी भुकटी तयार होते, जेट, म्हणजे पेट्रोल येण्याचं बारीक भोक, बुजतो.

इथेनॉलमुळे हवा-पेट्रोलचं मिश्रणही थोडं पातळ होतं, तेव्हा मेन जेट एक पायरी मोठा घालून प्लगचा रंग बघा. चहासारखा तपकिरी हवा. उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल जाळून टाका, मग इंजिन बंद करा.

गोकुळपेठ_ली150:
काऊल मिळाला. फट न राहता बसला. जेटही एक पायरी वाढवला. पारडसिंगा रोडने काटोलच्या दिशेला दुपारची फेरी मारली, इंजिनचा आवाज शेवटपर्यंत एकसारखा. जुना_हात काका, तुमच्यामुळे.

आता रंगाचं सांगतो. पेंटरकडे देण्याआधी ग्लोव्हबॉक्सच्या मागे आणि टाकीखालच्या पत्र्यावर पाण्याचा कागद घेऊन हळूहळू घासलं. वर मरून, खाली पिवळा, त्याखाली एक हिरवा, आणि सगळ्यात आत फिकट निळसर करडा, प्रायमरला घट्ट धरून बसलेला. बाजूच्या पॅनलच्या आतल्या बाजूला तर तो रंग कोणी झाकलाच नव्हता, अजून चकचकीत आहे. तो पाहिल्यापासून माझं क्रीम-हिरव्याचं मन राहिलं नाही. हा रंग कारखान्यात लागला होता, तेव्हापासून तो त्या पत्र्यावर आहे. तो काढून टाकायचा अधिकार मला आहे असं वाटत नाही.

प्रश्न असा की वरचे थर काढून मूळ रंग जसा असेल तसा ठेवायचा, की त्याच छटेत नवीन मारायचा?

झिंगाबाई_टाकळी_डेंटर:
मी डेंटिंग-पेंटिंगचंच काम करतो, म्हणून बोलतो. दोन्हीचा वेगवेगळा भाव आहे.

थर काढायचा असेल तर कुठल्याही दुकानाला एकदम देऊ नका. रिमूव्हर लावला की तो सगळंच खाते, आतला रंगही. हातानेच करावं लागते, 800चा, मग 1200चा, मग 2000चा पाण्याचा कागद, शेवटी कंपाउंड. एका पॅनलला कितीक दिवस जाते. जिथे आधी पुट्टी भरली असेल तिथे आत मूळ रंग भेटणारच नाही, तिथे डाग दिसेल. तो डाग राहू द्यायची तयारी पाहिजे.

नवीन मारायचा असेल तर पत्रा आधी नागडा करून पाहा. वाळूचा मारा पातळ पत्र्यावर जोरात करू नका, पत्रा तापून लाटा येते. डेंट मागून ठोकून काढा, पुट्टीने भरू नका. चुंबक फिरवून पाहा: जिथे चुंबक ढिला पकडते तिथे पुट्टी जाड आहे. भारतातून जुन्या स्कूटरी रंगवून बाहेरदेशी गेल्या, त्यातल्या लयच गाड्यांत फूटबोर्डवर पत्र्याचे तुकडे मारून वर पुट्टी, वर चमकदार दुरंगी रंग. चार पावसात फुगून वर आलं. आपल्या कामाचं नाव त्याने खराब झालं, अन् त्याचं मला खरोखर वाईट वाटते, कारण इथे हाताने पत्रा सरळ करणारे कारागीर अजून आहेत.

तुमच्या गाडीचा निळा आत शाबूत असेल तर मी रंगवायला नाही म्हणेन. मला धंदा भेटत असला तरी.

बंगळूरचा_वैदर्भी:
डेंटरभाऊ, हे वाचून बरं वाटलं.

गोकुळपेठ_ली150:
ठरलं. हातानेच काढतो, डाग राहिले तर राहू देतो. त्यात आरसीवर 'ब्ल्यू' लिहिलंय, म्हणजे आरटीओत जायचीही गरज नाही.

बाकी यादी आता अशी. शिल्ड कापणार नाही. 175 नाही. डिस्कऐवजी आधी शूंना नवं लायनिंग, दोन्ही ड्रम लेथवर गोल करून. लांब सीट घेणार, पण मूळच्या दोन सीट आणि त्यांच्या स्प्रिंगा ठेवून देणार. लाइट मात्र 12 व्होल्टचा करणारच, यावर मी ठाम आहे. अंधारात न दिसणारी गाडी नागपूरच्या ट्रॅफिकमध्ये चालवणं मला मान्य नाही.

कागदं_पक्की:
लाइट करा, त्यावर वाद नाही. फक्त हेडलाइटची काच आणि रिफ्लेक्टर मूळचाच ठेवा. नुसता पांढरा एलईडी बल्ब बसवला की उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो, रस्त्यावर पडत नाही. 12 व्होल्टचा साधा 35 वॉटचा बल्ब जास्त उपयोगी.

बंगळूरचा_वैदर्भी:
इलेक्ट्रॉनिक स्टेटरचा (फ्लायव्हीलमागचा वीज तयार करणारा भाग) किट घेताना क्रँकच्या टोकाचा टेपर, म्हणजे निमुळता उतार, आणि फ्लायव्हील जुळतंय का ते बघ, नुसतं 'लॅम्ब्रेटा' लिहिलंय म्हणून घेऊ नकोस. फ्लायव्हील ओढायला त्याचाच पुलर वापर, हातोडी नको. आणि काढलेला 6 व्होल्टचा स्टेटर, पॉइंट, कॉइल, जुनी वायरिंग, सगळं एका डब्यात चिठ्ठी लावून. ठिणगीचं टायमिंग नव्याने स्ट्रोब लाइटवर बघून घे, अंदाजाने नाही.

वर्धारोडची_व्हेस्पा:
चाकांना हात लावाल तेव्हाची एक सूचना. दहा इंची रिम दोन भागांची असते, आतले नट ते दोन भाग धरतात. टायरमध्ये हवा असताना ते नट उघडले तर रिम फुटून अंगावर येते. आधी व्हॉल्व्ह काढून पूर्ण हवा सोडा, मग पाना लावा. पंक्चरवाल्यालाही सांगा, नव्या पोरांनी ही रिम पाहिलेली नसते.

जुना_हात:
अन् मागच्या हबचा मोठा नट. तो ढिला राहिला का हब शाफ्टवर हलते अन् आतले दाते घासून जाते. मग हबही गेला अन् शाफ्टही. लांब पाइप लावून कस, नंतर शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा कस.

गोकुळपेठ_ली150:
वायरिंगसाठी हँडल उघडणारच आहे, तेव्हा सगळ्या केबल्सही बदलून टाकू का? गिअर जड पडतात. दुसरा टाकताना मनगट दुखतं. आणि फ्रेमच्या पाइपमधून नवीन केबल ओढायची कशी, तीच भीती आहे.

जुना_हात:
बदल. गिअरच्या दोन, क्लच, पुढचा ब्रेक, ॲक्सिलेटर, चोक. आतून नायलॉनचं अस्तर असलेल्या घे, त्या हलक्या चालते. अन् जुनी उपसून फेकू नको. जुन्या केबलच्या वरच्या टोकाले मजबूत दोरा घट्ट बांध, त्यावर टेप गुंडाळ म्हणजे गाठ अडकणार नाही, अन् खालून ओढ. केबल निघून येते, दोरा पाइपात राहते. मग दोऱ्याच्या खालच्या टोकाले नवी बांध अन् वरून ओढून घे. एका वेळी एकच, नाही तर कोणती कुठली ते समजत नाही.

गिअरच्या दोन्ही बसल्या का हँडल न्यूट्रलच्या खुणेवर ठेव, खाली इंजिन न्यूट्रलमध्ये आहे ते चाक फिरवून पाह्य, अन् दोन्ही केबल सारख्याच ताण. किंचित खेळ राहू दे. एक जास्त ताणली तर चौथा गिअर सुटून सुटून येईल. क्लचची केबल तुह्या हातात येईन तेव्हा फोटो टाक इथं, कारण जुन्या मिस्त्र्यांनी तिले कुठून कुठून वळवलेलं असते, ते पाहून सांगतो.